मिठाच्या पाण्याचा उजेड

१

ज्या उंदराला रंगद्रव्य दिलेलेच नाही, त्याचा मेंदू चमकू शकत नाही. हे वाक्य गेल्या जानेवारीत मला ऐकवण्यात आले आणि त्यातून एक गुन्हेगारही काढण्यात आला.

घटना दुधना संशोधन केंद्रातली. परभणीहून जिंतूरकडे जाताना, तुरीची शिवारे सुरू होतात तिथे, डाव्या हाताला ही दुमजली इमारत लागते. तिथे पांढऱ्या उंदरांच्या मेंदूची चित्रे घेतात, तीही कवटीला धक्का न लावता. रीत सांगायला सोपी आहे. उंदराच्या शेपटीतल्या शिरेत एक रंगद्रव्य टोचायचे. ते रक्तातून मेंदूत पोचते आणि काही महिने तिथेच टिकते, निदान तशी अपेक्षा असते. मग उंदराला गुंगी देऊन अंधाऱ्या पेटीत निजवायचे आणि डोक्यावर निळा प्रकाश टाकायचा. रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकते. याला प्रतिदीप्ती म्हणतात. कॅमेऱ्यापुढची काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे चित्रात फक्त हिरवा उरतो. जिथे हिरवे, तिथे रंगद्रव्य. थोड्या वेळाने उंदीर उठतो आणि दाणे खायला लागतो.

तुलनेसाठी काही उंदरांना रंगद्रव्याऐवजी नुसते मिठाचे पाणी टोचतात. त्यांची चित्रे काळी यायला हवीत. या खेपेला मिठाच्या पाण्याचे तीन पिंजरे होते आणि तिन्हींत एकेक उंदीर लख्ख हिरवा निघाला.

केंद्राचे प्रमुख डॉ. महारुद्र पाथ्रीकर यांनी निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही. कोणीतरी त्या तीन उंदरांना मुद्दाम रंगद्रव्य टोचून प्रयोग नासवला होता. टोचण्याचे काम सुकेशनी वाव्हळे या संशोधक विद्यार्थिनीचे, रंगद्रव्याची किल्लीही तिच्याकडे. सोमवारी चौकशी समिती बसणार आणि तिची पीएचडीची नोंदणी रद्द होणार, हे जवळजवळ ठरले होते. अशा समितीत बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. मी मानवतच्या महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, बाहेरचाही आहे. शुक्रवारी सकाळी एसटीने परभणी गाठली आणि तिथून रिक्षाने केंद्र.

"कच्छवे सर, प्रकरण अगदी स्वच्छ आहे," पाथ्रीकर खुर्ची पुढे करत म्हणाले. "तुम्हाला फक्त सही करायची आहे."

"आधी उंदीर पाहतो," मी म्हणालो. "त्यांची सही कोणी घेतलेली दिसत नाही."

२

पाथ्रीकर स्वतः मला प्राणिगृहापर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी केंद्राची शिस्त समजावून सांगितली. दोन महिन्यांपूर्वी तपासणी झाली, तेव्हा त्यांनी सगळी धोकादायक रसायने स्वतः उभे राहून कुलपात घातली होती. "एक तर असं होतं, की वाळलं तर स्फोट होतो. आणि ते उघड्या फळीवर! आता तुम्हाला इथं धोक्याचं चिन्ह असलेली एक बाटली उघड्यावर दिसणार नाही."

दार मुंजाजीने उघडले. उंदरांचे खाणेपिणे आणि पिंजऱ्यांची झाडलोट त्याच्याकडे आहे.

"या साहेब. पायातलं तेवढं भाईर काढा. न्हाईतर डॉक्टरीणबाई माझं डोस्कं खातील."

आत डॉ. शिवकन्या मुळे, प्राणिगृहाच्या पशुवैद्य, एका उंदराचे दात तपासत होत्या. उंदराने त्यांच्या अंगठ्यावर मुतून निषेध नोंदवला. त्यांनी शांतपणे त्याला पिंजऱ्यात ठेवले.

प्रत्येक पिंजऱ्यात चार उंदीर. एकसारखे पांढरे, एकसारखे लाल डोळे. चित्रासाठी डोक्यावरचे केस मलमाने काढलेले, त्यामुळे माथे गुलाबी. एकाच्या माथ्यावर पिवळी खूण होती, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीवर. चौथा कोरा.

"वळख पटाया नको का?" मुंजाजी म्हणाला. "समदे एका आईचे दिसायलेत. डोस्कं, पाठ, शेपूट, कोरा. सगळ्या पिंजऱ्यांला त्योच कायदा."

"देशभर हीच पद्धत आहे," शिवकन्याबाई म्हणाल्या. त्यांची नखेही पिवळी होती. "खूण फिकी पडली की पुन्हा लावायची."

"यांच्या खाण्यात हिरवा पाला असतो का?"

"लसूणघास असतो थोडा, पेंडीत. का?"

पाल्यातले हरितद्रव्यही प्रकाशात चमकते, हे मी सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला. "मग सगळेच उंदीर चमकले असते. आणि डोक्याआधी पोट."

उत्तर बिनचूक होते. माझा पहिला सिद्धांत दाराबाहेर काढलेल्या बुटांपाशी जाऊन पडला.

मुंजाजीने खिशातून डबी काढली, तंबाखूवर चुना घेतला, आणि बाईंची नजर पाहून तळहात तसाच मिटला. "भाईर जाऊन मळतो," तो पुटपुटला.

निघताना माझी नजर दाण्यांच्या पिंपाशेजारच्या फळीवर गेली. तिथे कापसाचा पुडा होता आणि एक तपकिरी बाटली. बाटलीवर स्फोटाचे लाल चिन्ह होते.

पाथ्रीकर ज्या शिस्तीची ग्वाही देत होते, ती येथपर्यंत पोचलेली नव्हती. किंवा पोचली होती, आणि त्या बाटलीत आता दुसरेच काही होते.

३

सुकेशनी मला वाचनखोलीत भेटली. वय सव्वीसच्या आसपास. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि स्वतःचा हातात धरून बसली, प्यायली नाही.

"रंगद्रव्य तुम्ही टोचलंत?"

"तीन पिंजऱ्यांना रंगद्रव्य, तीन पिंजऱ्यांना मिठाचं पाणी. सगळं मीच."

"चूक होऊ शकते."

"एकदा होईल, सर. प्रत्येक पिंजऱ्यात एकदाच, अशी शिस्तीत होणार नाही."

मला उत्तर आवडले. पण आवडणे हा पुरावा नव्हे. मी विचारले, की पाथ्रीकरांच्या मते तिने हे का करावे.

"मागच्या महिन्यात मी त्यांच्याशी वाद घातला. रंगद्रव्याच्या पिंजऱ्यांतलं सगळ्यांत झगझगीत चित्र त्यांनी हैदराबादच्या परिषदेसाठी निवडलं. मी म्हटलं, बाकीचे उंदीर इतके फिके का, ते आधी बघू. ते म्हणाले, तुला शंका काढायला इथं ठेवलेलं नाही. आता ते म्हणतात, मी राग काढला."

"आणि मिठाच्या पाण्याचे उंदीर चमकताहेत, हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्याच. मीच जाऊन सांगितलं." ती किंचित हसली. "न सांगता ती तीन चित्रं बिघडलीत म्हणून बाजूला टाकली असती, तर तुम्हाला मानवतहून यावं लागलं नसतं."

तिची धाकटी बहीण निकिता मानवतला शिकत होती, हे तेव्हाच कळले. "ती मला उंदरांची डॉक्टरीण म्हणते. परवापर्यंत चिडायचे. सोमवारनंतर तेही म्हणता येणार नाही. गैरप्रकाराचा शिक्का बसला, तर दुसरीकडं कुठं मला कोण घेईल?"

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते आणि तिलाही. मी दुसरा प्रश्न विचारला. "त्या तीन उंदरांचे क्रमांक कोणते?"

"पिंजरा चार, उंदीर एक. पिंजरा पाच, उंदीर एक." ती थांबली. कप खाली ठेवला. "पिंजरा सहा, उंदीर एक."

४

योगीराज साखरे हा दुसरा संशोधक विद्यार्थी. अंधारी पेटी, निळे दिवे आणि कॅमेरा ही सगळी जोडणी त्याने केलेली.

"माझ्यावर संशय घ्यायला पूर्ण मुभा आहे, सर," तो खुर्ची फिरवून म्हणाला. "सुकेशनी गेली, तर तिचं काम माझ्याकडं येतं. हेतू आहे, संधी आहे. फक्त अक्कल कमी पडते. उंदराला सुई दाखवली की मलाच चक्कर येते."

"ते खरं आहे?"

"मुंजाजीला विचारा. मागं मला पाणी त्यानंच पाजलं. वर म्हणाला, साहेब, तुमच्यापरीस उंदीर धीराचा."

मी चित्रे मागितली. ती कृष्णधवल येतात. यंत्र नंतर त्यांना हिरवा रंग देते. पेटीच्या झरोक्यातून उंदराचे फक्त डोके दिसते, बाकी धड काळ्या कापडाआड. मिठाच्या पाण्याच्या उंदरांत दोन, तीन आणि चार क्रमांक काळे. एक क्रमांक झळाळत होता. माझे लक्ष झळाळीपेक्षा तिच्या कडेकडे गेले. कड रेखीव होती. एका बाजूला तर बारीक फराटा ओढल्यासारखा दिसत होता.

"तुमचा मोबाइल द्या," मी म्हणालो आणि त्याचा दिवा लावून माझ्या तळहाताखाली धरला. "हाडं दिसतात?"

"नाही. नुसता लाल गोळा दिसतो."

"का?"

"मांसातून येताना प्रकाश विखुरतो." त्याने माझ्या हाताकडे पाहिले, मग पडद्याकडे. पुन्हा हाताकडे. त्याची खुर्ची फिरायची थांबली. "मग मेंदूतून, कवटीतून, कातडीतून आलेल्या प्रकाशाला अशी कड कशी?"

"हा प्रश्न आपण उद्यासाठी राखून ठेवू. पेटी नवी होती तेव्हाची चित्रं आहेत का?"

होती. चार महिन्यांपूर्वी, रंगद्रव्य येण्याआधी, पेटी तपासायला घेतलेली. सगळे उंदीर काळे, पण सारखे काळे नव्हते. प्रत्येक पिंजऱ्यातला एक क्रमांक इतरांहून अधिक काळा होता, माथ्यावर कोळसा फिरवल्यासारखा.

"हे कधी लक्षात आलं नव्हतं," योगीराज म्हणाला.

"काळ्यातला काळा कोण बघतो?" मी म्हणालो. "एक क्रमांक कोणत्या उंदराला देता?"

"मला काय माहीत? प्राणिगृहातून ज्या क्रमानं येतात, त्या क्रमानं."

५

त्या दुपारी मी केंद्राच्या आवारातल्या बाकावर बसून गणित मांडले. प्रयोग नासवणारा माणूस पिंजरा नासवतो, नाहीतर हाताला येईल तो उंदीर धरतो. प्रत्येक पिंजऱ्यातला पहिलाच उंदीर निवडून टोचण्याची टापटीप दुष्टाव्यात सहसा आढळत नाही. ती आढळते नित्यकर्मात. कॅमेऱ्याच्या खोलीत उंदरांना क्रमांक होते, प्राणिगृहात खुणा. आणि या दोन खोल्यांतली माणसे एकमेकांची भाषा कधी ताडून पाहत नव्हती. मुंजाजीचा क्रम मात्र मी ऐकला होता. डोस्कं, पाठ, शेपूट, कोरा.

पहिला उंदीर म्हणजे माथ्यावर खूण असलेला उंदीर. आणि पेटीतून दिसते ते फक्त डोके. पाठीवरची किंवा शेपटीवरची खूण चमकली असती, तरी कोणाला कळले नसते.

चार महिन्यांपूर्वी तीच खूण प्रकाश गिळत होती. आता ती उजेड देत होती. मधल्या काळात एक तपासणी होऊन गेली होती.

मी पाथ्रीकरांना कळवले, की उद्या दुपारी सगळ्यांना पेटीच्या खोलीत बोलवा. मला पिंजरा चारमधला पहिला उंदीर, थोडा कापूस, स्पिरिट आणि रंगद्रव्याचे दोन थेंब लागतील.

"एवढंच?"

"आणि मुंजाजीची तंबाखूची डबी."

६

शनिवारी दुपारी पेटीच्या खोलीत सहा माणसे आणि एक उंदीर असे आम्ही जमलो. शिवकन्याबाईंनी उंदराला गुंगी दिली. योगीराजने चित्र घेतले. माथा हिरवा, रेखीव, परिचित.

मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, उंदराच्या माथ्यावरची पिवळी खूण हलक्या हाताने पुसली आणि दुसरे चित्र घ्यायला सांगितले. डोके काळे आले.

"आता उंदराच्या जागी हा बोळा ठेवा."

पडद्यावर कापूस झगझगला. मग पाथ्रीकर टाळी वाजवल्यासारखे उद्गारले, "म्हणजे टोचलं नव्हतं, वरून लावलं होतं! मी काय म्हणत होतो? रंगद्रव्याची किल्ली कोणाकडं आहे?"

सुकेशनीचा चेहरा उतरला. मी उजेड पाडला होता तो तिच्याच अंगावर, असे तिला वाटले असावे. वाटणे स्वाभाविक होते. तर्क अर्धाच झाला होता.

"दोन बोळे," मी म्हणालो. दुसऱ्या बोळ्यावर मी खऱ्या रंगद्रव्याचे दोन थेंब टाकले. दोन्ही पिवळे. मग मुंजाजीकडे हात केला. त्याने डबी दिली, पण दोन्ही हातांनी, देवळात देतात तशी. मी बोटावर चुना घेतला आणि आधी रंगद्रव्याच्या बोळ्यावर लावला. काही झाले नाही. पिवळा तो पिवळाच.

उंदराच्या माथ्यावरून आलेल्या बोळ्याला चुना लावला. तो पाहता पाहता लाल झाला.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा लाल रंग समजावून सांगावा लागत नाही. पाथ्रीकरांचे तोंड अर्धवट उघडे राहिले.

"हळद," शिवकन्याबाई हलकेच म्हणाल्या.

"खुणांसाठी पूर्वी काय वापरत होता?" मी विचारले.

"पिक्रिक आम्ल. सगळीकडं तेच वापरतात, पिवळं आणि टिकाऊ." त्या पाथ्रीकरांकडे वळल्या. "तेच वाळलं की फुटतं, म्हणून तुम्ही कुलपात घातलंत सर. मी विचारलं, आता खुणा कशानं करू? तुम्ही म्हणालात, पिवळं काहीतरी लावा, पण खुणा दिसल्या पाहिजेत. मी स्पिरिटमध्ये हळद कालवली. निर्धोक आहे, जखमेलासुद्धा चालते. बाटली धुऊन तीच घेतली. चांगली बाटली कोण टाकतं? चिन्ह खरवडायचं राहून गेलं."

"मग सांगितलं का नाही?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे, सर. पिवळ्या रंगाला उजेड असतो, हे मला कोणी सांगितलं?"

ट्यूबलाइटखाली दोन्ही खुणा सारख्याच पिवळ्या दिसतात. निळ्या प्रकाशात पिक्रिक आम्ल प्रकाश गिळून काळे पडते. हळद त्याच प्रकाशाचा हिरवा करून परत देते. कोणी काही नासवले नव्हते. एकाने सुरक्षिततेचा नियम पाळला, दुसरीने उंदरांची काळजी घेतली, आणि दोन चांगल्या कामांची बेरीज एका मुलीच्या अंगावर गुन्हा म्हणून पडली.

"चला, सुटलं," पाथ्रीकर मोठ्याने म्हणाले. ते मनापासून हसत होते. वाईट माणूस नव्हते. "सुकेशनी, विसरून जा. सोमवारची बैठक रद्द. कामाला लाग."

आम्ही उठायला लागलो. सुकेशनी उठली नाही.

"सर," ती म्हणाली, "हळद सगळ्याच पिंजऱ्यांना लावली होती ना?"

शिवकन्याबाईंनी मान हलवली.

"मग रंगद्रव्याच्या पिंजऱ्यांतही एक क्रमांकाच्या माथ्यावर हळदच आहे." ती पाथ्रीकरांकडे वळली. "हैदराबादचं चित्र पिंजरा दोन, उंदीर एकचं आहे."

योगीराजने हळूच "मेलो" असे म्हटले. पाथ्रीकरांचे हसू जागच्या जागी थांबले. या मुलीला त्यांनी नुकतेच, क्षणापूर्वी, मोकळे केले होते. आणि त्या मोकळीकीचा पहिला उपयोग तिने त्यांच्याच निष्कर्षाला हात घालण्यासाठी केला होता. तिच्या नोंदणीवर अजूनही त्यांचीच सही लागणार होती. ते तिलाही ठाऊक होते, कारण तिची बोटे टेबलाची कड घट्ट धरून होती.

"ते चित्र परिषदेला गेलेलं आहे," पाथ्रीकर म्हणाले.

"परत मागवता येतं, सर."

त्यांनी तो लाल बोळा बोटाने बाजूला सारला. मग मुंजाजीला म्हणाले, "पिंजरा दोन आण."

त्या उंदराला गुंगी दिली. या वेळी बोळा सुकेशनीने घेतला. तिने माथा पुसला, पुन्हा पुसला, कापूस पिवळा व्हायचा थांबेपर्यंत पुसत राहिली. योगीराजने चित्र घेतले. हैदराबादला गेलेली झळाळी नाहीशी झाली होती.

"गेलं," पाथ्रीकर म्हणाले. "दोन वर्षं गेली."

"थांबा," मी म्हणालो. "मिठाच्या पाण्याचा पुसलेला उंदीर शेजारी ठेवा."

योगीराजने खोलीतला दिवा घालवला आणि दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी आली. उजवीकडचे काळे. डावीकडच्या काळोखात काहीतरी होते. धुरकट, कडा नसलेले, मधोमध किंचित दाट; तळहाताखालच्या दिव्यासारखे. योगीराजने कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवून पुन्हा चित्र घेतले. तेच दिसले. उजवीकडे पुन्हा काळेच.

"एवढंसं?" पाथ्रीकरांनी विचारले. "हे दाखवायला जायचं मी?"

"याला कड नाही, सर," सुकेशनी म्हणाली. "हे आतून येतंय."

पाथ्रीकर पुढे आले. खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले. मुंजाजीने माझ्या कोपराला स्पर्श केला. "साहेब, माझी डबी मिळंल का? का ती बी जप्त?" मी ती परत केली. त्याने दारापाशी जाऊन सवयीने भिंतीवरचे बटण दाबले आणि खोली पांढरी झाली. पडद्यावरचा उजेड इतका मंद होता, की त्या प्रकाशात तो दिसेनासा झाला.

"दिवा घालव रे," पाथ्रीकर मागे न वळता म्हणाले.

पण तोवर सुकेशनीने उठून दिवा मालवला होता.